साताऱ्याच्या पठारांवर एक दिवस : निसर्गछायाचित्रणासाठी प्रवासाची आखणी

भाद्रपद सरत आला आणि पावसाचा जोर ओसरला, की सातारा शहराच्या पश्चिमेकडील पठारांवर रानफुलांचे ताटवे उमलू लागतात. याच सुमारास पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर आदी शहरांतून मोटारींची रीघ या पठारांकडे लागते. पूर्वी कॅमेरा ही मोजक्या हौशी मंडळींची चैन होती. आता प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी हाच कॅमेरा झाला आहे. साहजिकच दिवसाअखेर एकेका मोटारीतून शेकडो छायाचित्रे घरी परततात. परंतु वर्षभराने पुन्हा पाहावीशी वाटावीत, अशी त्यांत फारच थोडी असतात.

याचे कारण यंत्राच्या उणिवेत क्वचितच असते. ते बहुधा आखणीच्या अभावात असते. प्रस्तुत लेखकाने या भागातील पहिल्या प्रवासात एका दिवसात आठ ठिकाणे पाहण्याचा बेत केला होता. पुण्याहून सकाळी निघून कास पठारावर पोहोचेतो साडेअकरा वाजले. ऊन डोक्यावर आले होते, फुलांचे रंग फिके दिसत होते आणि पुढील ठिकाणांची घाई लागली होती. सायंकाळी मावळतीचा उत्तम प्रकाश पडला, तेव्हा मोटार घाटातील वाहनांच्या रांगेत उभी होती. आठही ठिकाणे पाहून झाली, छायाचित्र मात्र एकही जमले नाही.

अशा घाईची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वेळ अपुरा पडला, की मनुष्य जवळची वाट धरतो, आखलेली पायवाट सोडून फुलांत उतरतो, घाटातील वळणावर वाहन थांबवतो आणि अंधारात, धुक्यात वेगाने परततो. म्हणजेच आखणीतील चुकीची किंमत कधी पठाराला, तर कधी प्रवाशांना मोजावी लागते. म्हणून एका दिवसाचा प्रवास कसा आखावा, हे सातारा परिसराच्या उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल.

आधी प्रकाश, मग अंतर

सर्वसाधारण सहलीची आखणी अंतरावरून केली जाते. छायाचित्रणासाठीच्या सहलीची आखणी मात्र प्रकाशावरून करावी लागते. डोंगर, दरी, जलाशय यांचे रूप आपल्याला जाणवते ते प्रकाश आणि सावली यांच्या मेळातून. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरपे पडतात. डोंगराची प्रत्येक घडी, शेताचा प्रत्येक बांध उठून दिसतो. सूर्य माथ्यावर आला, की सावल्या पायाखाली जातात आणि तोच डोंगर सपाट भासू लागतो.

हे गणित समजण्यास अवघड नाही. २२ किंवा २३ सप्टेंबर रोजी दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात व सूर्य बरोबर पूर्वेस उगवून पश्चिमेस मावळतो. साताऱ्यास या सुमारास सूर्योदय सकाळी सहा वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान आणि सूर्यास्त सायंकाळी साडेसहाच्या सुमारास होतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे आणि सातारा ७४ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशोबाने येथील सूर्य प्रमाणवेळेच्या रेखांशापेक्षा सुमारे ३४ मिनिटे मागे असतो. म्हणूनच येथील खरी मध्यान्ह बारा वाजता न होता, सप्टेंबरअखेरीस ती साडेबाराच्या थोडी आधी होते. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७२ अंश उंच असतो.

शाळेच्या मैदानात एक मीटर लांबीची काठी उभी रोवून हा प्रयोग करता येईल. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्योदयानंतर एका तासाने काठीची सावली जवळजवळ चार मीटर लांब पडते. साडेनऊच्या सुमारास ती काठीएवढी होते. मध्यान्ही ती जेमतेम ३२ सेंटिमीटर उरते. दुपारी साडेतीनच्या आसपास ती पुन्हा काठीएवढी होते आणि मग वाढत जाते. यावरून एक सोपा नियम हाती येतो : सावली वस्तूपेक्षा लांब असेतोवर निसर्गदृश्याचे छायाचित्रण करावे, ती आखूड झाली, की भोजन, विश्रांती आणि प्रवास उरकून घ्यावा.

दिवसातील उपयुक्त वेळ अशा रीतीने सकाळचे तीन आणि सायंकाळचे तीन तास एवढाच उरतो. एवढ्या वेळात दोन मुख्य ठिकाणे आणि वाटेवरील दोन-तीन थांबे, यापेक्षा अधिक काही नीट होत नाही. यादीतील ठिकाणे कमी करणे, ही आखणीची पहिली पायरी होय.

नकाशावर दिशा पाहावी

सातारा शहरातून यवतेश्वराचा घाट चढून कासकडे जाणारा रस्ता एका लांबलचक डोंगरधारेवरून पश्चिमेकडे जातो. या धारेच्या उत्तरेस वेण्णा नदीवरील कण्हेर धरणाचा जलाशय आहे, तर दक्षिणेस उरमोडी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे चालकाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. दोन्ही जलाशय मार्गाच्या डाव्या-उजव्या अंगांना असल्याने त्यांच्या काठच्या टेकड्यांवर प्रकाश बाजूने पडतो. निसर्गदृश्यासाठी बाजूने येणारा प्रकाश सर्वांत अनुकूल मानला जातो. हाच मार्ग दुपारनंतर धरल्यास मावळतीचे ऊन थेट समोरून येते. ते वाहन चालवण्यास त्रासदायक असते आणि भिंगावर पडून छायाचित्रही धुरकट करते.

सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडी ही ठिकाणे शहराच्या नैर्ऋत्येस दुसऱ्या रस्त्यावर आहेत. कास पाहून पुन्हा साताऱ्यास यावे आणि मग या दुसऱ्या रस्त्यास लागावे, हेच सोयीचे. दोन्ही मार्ग मिळून दिवसभराचा प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतो. सपाट महामार्गावर हे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु घाटात, वळणांवर आणि हंगामातील वर्दळीत ताशी २५ ते ३० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी वेग धरू नये. म्हणजे निव्वळ वाहन चालवण्यातच साडेचार ते पाच तास जातात, हे आधीच लक्षात घ्यावे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे हाताशी असल्यास आखणी अधिक नेमकी होते. त्यांवरील समोच्च रेषा जेथे दाट, तेथे कडा किंवा तीव्र उतार. जेथे विरळ, तेथे पठार. कोणत्या दरीत सकाळी ऊन उशिरा पोहोचेल आणि कोणता कडा सायंकाळी उजळेल, याचा अंदाज घरी बसूनही बांधता येतो.

दिवसाचा क्रम

बाहेरगावच्या मंडळींनी आदल्या रात्री साताऱ्यात मुक्कामास यावे. मध्यरात्री घर सोडून पहाटे घाट चढणारा चालक अपुऱ्या झोपेचा धनी असतो आणि त्याच्या चुकीस वळणदार रस्ता क्षमा करीत नाही.

पहाटे साडेपाचच्या सुमारास शहर सोडल्यास सूर्योदयापूर्वी यवतेश्वराच्या माथ्याजवळ पोहोचता येते. वाहन रुंद, सुरक्षित जागी उभे करून मागे पूर्वेकडे पाहावे. खाली सातारा शहर, त्याच्या पाठीशी अजिंक्यतारा आणि पावसाळ्यानंतर अनेकदा दरीत साचलेले धुके, असे दृश्य समोर येते. येथे सूर्य समोर असल्याने किल्ल्याची केवळ बाह्यरेषा काळी उमटेल. तीच या चित्राची शोभा आहे, म्हणून ती उजळण्याचा प्रयत्न करू नये.

सातच्या सुमारास कासकडे निघावे. फुलांच्या हंगामात येथे प्रवेश मर्यादित ठेवलेला असून आगाऊ नोंदणी आणि शुल्क यांची व्यवस्था आहे. वन विभागाच्या सहकार्याने परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ही व्यवस्था पाहतात. प्रवेशाच्या वेळा, वाहनतळाची जागा आणि नोंदणी यांची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी. शनिवार-रविवार टाळून आठवड्यातील इतर दिवस निवडल्यास गर्दी पुष्कळ कमी असते. साडेनऊ-दहापर्यंतचा वेळ पठारासाठी राखून ठेवावा आणि त्यानंतर जवळच्या कास तलावावर जावे. सातारा शहरास पाणी पुरवणाऱ्या या तलावाच्या काठी दाट झाडी आहे. ऊन चढल्यावरही झाडांच्या सावलीत पाने, खोडे, शेवाळ यांची जवळून छायाचित्रे घेता येतात.

अकराच्या सुमारास परत फिरून साताऱ्यात भोजन आणि विश्रांती घ्यावी. या वेळेत सकाळची छायाचित्रे चाळून पाहिल्यास चुका ध्यानात येतात आणि सायंकाळी त्या टाळता येतात.

दोनच्या सुमारास ठोसेघरचा रस्ता धरावा. वाटेत समर्थ रामदासांची समाधी असलेला सज्जनगड लागतो. गडावर जाऊन दर्शन घ्यावयाचे असल्यास दुपारचा विश्रांतीचा वेळ त्यासाठी द्यावा. ठोसेघरचा धबधबा खोल दरीत कोसळतो. धबधब्यास कडक ऊन मानवत नाही. पांढरे पाणी आणि काळा कडा यांतील तफावत एवढी मोठी होते, की एक नीट आल्यास दुसरे बिघडते. आकाश ढगाळ असेल किंवा दरीत सावली असेल, तर तो वेळ उत्तम. कठड्याबाहेर जाऊन अधिक जवळचे चित्र घेण्याचा मोह मात्र निग्रहाने टाळावा. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही.

साडेचारच्या सुमारास तेथून पुढे चाळकेवाडीच्या सड्यावर जावे. हा सडा उघडा, वाऱ्याचा आणि पवनचक्क्यांचा आहे. पवनचक्क्यांच्या उंच खांबांमुळे पठाराचा विस्तार चित्रात मोजता येतो आणि त्यांच्या लांब सावल्या गवतावर पसरतात. सूर्यास्तानंतर आपल्या प्रदेशात संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. त्यामुळे सूर्य टेकला, की दहा मिनिटांत सामान आवरून निघावे.

कॅमेऱ्याविषयी थोडेसे

महागडे साहित्य असलेच पाहिजे असे नाही. तिपाई मात्र अवश्य असावी. पहाटेच्या मंद प्रकाशात शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागते आणि हाताच्या किंचित थरथरीनेही चित्र पुसट होते. भ्रमणध्वनी वापरणाऱ्यांनी तो दगडावर किंवा छोट्या तिपाईवर टेकवून कळ दाबल्यानंतर दोन सेकंदांनी चित्र घेण्याची सोय वापरावी. कॅमेऱ्याचे प्रकाशछिद्र एफ ८ ते एफ ११ एवढे ठेवल्यास जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव येतात. वाहते पाणी रेशमासारखे दिसावयास हवे असल्यास तिपाईवरून अर्ध्या सेकंदाच्या आसपास शटर उघडे ठेवावे. तुषार गोठवावयाचे असल्यास सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका वेग घ्यावा.

दृश्य कितीही विस्तीर्ण असले, तरी चित्रात नजर टेकण्यासाठी एखादी जवळची वस्तू हवी. एखादा कातळ, झाड, बांध किंवा पायवाट त्यासाठी पुरते. क्षितिज सरळ आहे ना, हे कळ दाबण्यापूर्वी पाहावे. या हंगामात धुके आणि पाऊस केव्हाही येतात. कोरडा सुती रुमाल, कॅमेरा झाकण्यास जाड पिशवी आणि भरलेली जादा बॅटरी जवळ असावी.

पठाराचे मर्म

कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. सन २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी महाराष्ट्रातील चार स्थळे म्हणजे कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. कासवर ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे.

ही समृद्धी ज्या भूमीवर उभी आहे, ती भूमी अत्यंत दरिद्री आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यात पोषकद्रव्यांची उणीव. म्हणूनच येथील सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती सूक्ष्म जीव व कीटक पकडून आपली गरज भागवतात. गेंद, तेरडा, सीतेची आसवे अशा अनेक जातींचे आयुष्य एका पावसाळ्यापुरते असते. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सर्व त्यांना माती ओली असेतोवर आटोपावे लागते. टोपली कारवीसारखी वनस्पती तर सात वर्षांतून एकदा बहरते.

बी धरण्यापूर्वीच फूल पायाखाली गेले, तर पुढील वर्षी त्या जागी उगवण्यास बीजच उरत नाही. शिवाय माती तुडवली जाऊन घट्ट होते. एका प्रवाशाच्या दोन पावलांनी फारसे बिघडत नाही, असे प्रत्येकास वाटते. पण हजारो प्रवाशांची दोन-दोन पावले मिळून फुलांतून नवी पायवाट तयार होते. फुलांत बसून, आडवे पडून चित्र घेण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, ती याच कारणास्तव सोडली पाहिजे. पायवाटेच्या कडेवरून, उघड्या कातळावरून किंवा दूरचे जवळ दाखवणाऱ्या भिंगाने तेच चित्र मिळते. न मिळाल्यास ते सोडून द्यावे.

जे डोळ्यांस चटकन दिसत नाही, तेही पठारावर असतेच. चाळकेवाडीच्या सड्यावर गळ्याची रंगीत झालर फुलवणारे सरडे आढळतात. सन २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटास स्वतंत्र प्रजातीचे स्थान दिले आणि तिला 'सरडा' हे आपल्या मराठीतीलच नाव दिले. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचा वावर कमी असून या सरड्यांची संख्या अधिक आहे. माळ उजाड दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. वाहन डांबरी रस्ता सोडून सड्यावर नेऊ नये, ते यासाठीच. ड्रोनही आवश्यक परवानगीवाचून उडवू नये.

रस्त्यावरील शिस्त

वाहन चालवणारा आणि छायाचित्र घेणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात. दृश्याकडे लक्ष असलेल्या माणसाचे रस्त्याकडे लक्ष नसते. घाटात जो गिअर चढताना लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये सोडू नये. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्या वाहनाने वाट द्यावी, असा नियम आहे. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. वळणावर किंवा पुलावर वाहन थांबवू नये.

वाटेवरील गावे ही प्रेक्षणीय वस्तू नाहीत, तेथे माणसे राहतात. भातखाचरातील शेतकरी, गुरे घेऊन जाणारी मुले यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांना विचारावे. नाश्ता-भोजन शक्य तेथे स्थानिक घरांतून घ्यावे आणि कचरा सोबत परत आणावा.

छायाचित्र म्हणजे नोंदही

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने या उपक्रमास आणखी एक अर्थ आहे. चित्र सुंदर असेल वा नसेल. त्याच्यासोबत जागा, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा या चार गोष्टी लिहून ठेवल्या, तर ते नोंदीचे साधन होते. दरवर्षी त्याच तारखेस, त्याच मैलाच्या दगडापाशी उभे राहून, त्याच दिशेने घेतलेले चित्र काही वर्षांनी पुष्कळ काही सांगू लागते. तळ्याचे पाणी कुठवर होते, गवताच्या जागी झुडपे वाढली काय, पायवाट किती रुंदावली, डोंगराच्या उतारावर नवी भेग वा घसरण दिसते काय, हे सर्व त्यातून कळते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. डोंगरउतारावरील गावांनी आपल्या उतारांची अशी वार्षिक नोंद ठेवणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. तज्ज्ञांच्या पाहणीची जागा ती घेऊ शकणार नाही. परंतु तज्ज्ञांस बोलावण्याची वेळ आली आहे, हे ती दाखवू शकेल.

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. गावातील ओढा, देवराई, माळ आणि तेथील वनस्पती यांची तारीखवार छायाचित्रे या नोंदवहीस मोलाची पुरवणी ठरतील. त्यासाठी कासपर्यंत येण्याचीही आवश्यकता नाही. काठीच्या सावलीचा नियम प्रत्येक गावच्या मैदानात लागू आहे आणि पाहण्याजोगे पठार, टेकडी वा तळे बहुतेक तालुक्यांत आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह आपल्या गावातील तीन जागा निवडाव्यात, तेथे खुणेचा दगड ठेवावा आणि या सप्टेंबरचे पहिले चित्र शाळेच्या दप्तरी लावावे. पुढील वर्षी त्याच दगडापाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तुलनेसाठी काहीतरी हाती असेल.